जखमेचे वाचन

जखम आपणहून काही सांगत नाही. ती वाचावी लागते. हे वाचन किती निसरडे असते, ते अर्भकांच्या मस्तिष्क-इजांवरून पाश्चात्त्य देशांत चाललेल्या खटल्यांत दिसते. १९७१ साली ब्रिटिश शल्यविशारद गथकेल्च यांनी सुचविले की, बाह्य आघाताची खूण नसतानाही केवळ जोराने हलविल्याने अर्भकाच्या मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव होऊ शकेल. आधार होता तो ओमाया यांच्या माकडांवरील, १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांचा. ‘होऊ शकेल’ हे क्रियापद न्यायालयात पोहोचेतो ‘झाले’ असे होऊन बसले. लक्षणे दिसली की गुन्हाही सिद्ध, अशी एक तयार संहिताच रूढ झाली.

जैवयांत्रिकीने या संहितेला गंभीर प्रश्न विचारला. १९८७ साली ड्यूहेम व सहकाऱ्यांनी बाहुल्यांवर मोजमापे घेतली, तेव्हा आदळण्याने उत्पन्न होणारे त्वरण हलविण्याच्या सुमारे ५० पट भरले. अर्थात बाहुलीची मान म्हणजे अर्भकाची मान नव्हे. या आकड्यांतून कोणी निर्दोषत्वाची तयार कथा रचू लागला, तर तीही तितकीच संशयास्पद. अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने १९९७ साली, स्मेल्सर खटल्यात, ही मर्यादा नेमकी ओळखली: यांत्रिकीच्या तज्ज्ञाने बलांविषयी व त्यांतून संभवणाऱ्या इजांविषयी सर्वसाधारणपणे बोलावे, या माणसाची ही इजा कशाने झाली, हे सांगू नये. सामान्य आणि विशिष्ट यांमधील ही दरी साहित्याच्या अभ्यासकाला परकी नाही.

खुद्द गथकेल्च यांनी आपल्या गृहीतकाच्या अतिरेकी वापराविरुद्ध लेखणी उचलली, ती २०१२ साली, नव्वदी ओलांडल्यावर. तोवर कित्येकांची वर्षे तुरुंगात सरली होती.