तुला गप्प राहण्याचा हक्क आहे!

हॉलिवूडचे पिक्चर आपल्या होस्टेलवर सगळेच बघतात. त्यात पोलीस बेड्या घालता घालता एक ठरलेलं वाक्य म्हणतो, "तुला गप्प राहण्याचा हक्क आहे. तू जे बोलशील ते कोर्टात तुझ्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं." आपण मुरमुरे खात ते ऐकतो आणि विसरतो. मीही विसरलो होतो. पण गेल्या सेमिस्टरच्या एका रात्रीपासून ते वाक्य काही माझी पाठ सोडत नाही.

झालं असं, की आमच्या विंगमधल्या एकाचे मेसबिलाचे १८०० रुपये सापडेनात. जेवणं आटोपल्यावर आरडाओरडा, गर्दी. कुणीतरी म्हणालं, "त्या कोपऱ्यातल्याची पेटी पाहा ना बे!" कोपऱ्यातला म्हणजे साकोलीकडच्या खेड्यातला, स्कॉलरशिपवर शिकणारा, फारसं न बोलणारा मित्र. त्याच्यावर संशय का? कारण काहीच नाही. तो गरीब होता, एवढंच! पेटी पलंगावर उपडी झाली. दोन शर्ट, मायनं बांधून दिलेला चिवडा, एक जुना फोटो. तो एक अक्षर बोलला नाही. तर त्यावरही, "काहून बोलून नाही राहिला? म्हणजे यानंच घेतले!"

पैसे तिसऱ्या दिवशी सापडले. ज्याचे होते त्याच्याच ड्रॉइंग शीटच्या कंटेनरमध्ये! माफी कुणीच मागितली नाही. आणि हो, त्या रात्री मी दारातच उभा होतो. मीसुद्धा गप्पच होतो.

मग ते पिक्चरमधलं वाक्य आलं कुठून, हे शोधून वाचलं. १९६३ साली अॅरिझोना राज्यात अर्नेस्टो मिरांडा नावाच्या माणसाला पकडलं. सुमारे दोन तासांच्या चौकशीनंतर त्याने कबुलीजबाब लिहून दिला. त्याला गप्प राहता येतं, वकील मागता येतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं. १९६६ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो कबुलीजबाब रद्द ठरवला. आधार होता त्यांच्या घटनेच्या पाचव्या दुरुस्तीचा: कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही.

म्हणजे चोर सुटला का? नाही! १९६७ साली खटला पुन्हा चालला, कबुलीजबाब बाजूला ठेवून, आणि दुसऱ्या पुराव्यावर मिरांडाला शिक्षा झाली. हक्क गुन्हेगाराला वाचवायला नसतो. "आधी पुरावा आणा, मग बोला," हे सांगायला असतो.

आपल्याकडे हे नाही असं समजू नका. आपल्या घटनेचं कलम २०(३) तेच सांगतं. कलम २२ अटक झालेल्याला कारण कळण्याचा आणि वकिलाचा हक्क देतं. १९७८ साली नंदिनी सत्पथी खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने मिरांडाचा दाखलाही घेतला.

आता झडती. अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीप्रमाणे सरकारला विनाकारण कुणाच्या घरात, सामानात हात घालता येत नाही. शाळेत काय? १९८५ साली तिथलं कोर्ट म्हणालं, शाळेला वॉरंट नको, पण संशयाला वाजवी कारण हवं. आपल्या घटनेत असं वेगळं कलम नाही. पण २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आणि २०१९ साली केरळ हायकोर्टाने होस्टेलच्या मोबाइलबंदीविरुद्ध लढणाऱ्या एका विद्यार्थिनीला पुन्हा होस्टेलवर घ्यायला लावलं. म्हणजे घटना होस्टेलच्या गेटवर थांबत नाही, मित्रांनो!

आणखी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतले हे हक्क मुख्यतः सरकारला बांधतात. १८८३ साली तिथल्या कोर्टाने सांगितलं होतं, की चौदाव्या दुरुस्तीची समता खासगी हॉटेल-थिएटरवाल्यांना लागू नाही. आपली घटना समाजालाही बांधते. कलम १५(२) मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी आहेत. कलम १७ ने अस्पृश्यताच संपवली. घटना समितीच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकले होते, पण गावाचा जाच त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. १९५४ साली ते आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. त्याच भंडारा जिल्ह्यात, खैरलांजीत, २९ सप्टेंबर २००६ ला एका दलित कुटुंबातल्या चौघांना जमावाने ठार केलं. आमच्या विंगमधल्या रात्रीची तुलना त्याच्याशी कधीच होणार नाही. पण चार जणांनी आधीच ठरवून टाकायचं आणि बाकीच्यांनी दारात उभं राहून बघायचं, ही सवय लहान असतानाच मोडलेली बरी.

कुणी म्हणेल, "होस्टेल म्हणजे काय कोर्ट आहे?" नाही, मान्य. आणि एवढ्या पोरांची जबाबदारी रेक्टर सरांवर असते, खोल्या तपासाव्याच लागतात, हेही मान्य. माझं मागणं छोटं आहे. झडती सिनियरांनी नाही, जबाबदार माणसाने घ्यावी. कारण आधी सांगावं. ज्याचं सामान आहे तो आणि त्याच्या पसंतीचा एक मित्र समोर असावा. गप्प बसला म्हणून कुणाला चोर ठरवू नये. आणि काही सापडलं नाही, तर जितक्या लोकांसमोर झडती झाली तितक्याच लोकांसमोर तसं सांगावं. याला ना पैसा लागतो, ना परमिशन.

त्या मित्राला गप्प राहण्याचा हक्क होता. दारात उभ्या असलेल्या मला मात्र तो नव्हता. हा लेख त्याला आधी वाचायला दिला होता. त्याने वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाला, "छाप. फक्त माझं नाव टाकू नको."

नाव टाकलं नाही, दोस्ता. माफी मात्र इथे, सगळ्यांसमोर मागतो.