नदी वाहती झाली; पाणी कोणाचे?

राजस्थानच्या अलवर जिल्ह्यातील अरवरी नदी कित्येक दशके केवळ पावसाळ्यापुरती उरली होती. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तरुण भारत संघाच्या साहाय्याने खोऱ्यातील ग्रामस्थांनी जोहड, म्हणजे उतारावरचे पाणी अडविणारे मातीचे बांध, घालावयास प्रारंभ केला. श्रम त्यांचे, खर्चाचा वाटाही त्यांनी उचलला. अडलेले पाणी मुरले, विहिरी भरल्या आणि दशकभरात नदी बारमाही वाहू लागली.

नदीत मासे दिसताच शासनाला आपल्या मालकीची आठवण झाली! १९९६ साली मासेमारीचा ठेका परस्पर देण्यात आला. गावकऱ्यांनी तो मागे घ्यावयास लावला. या झगड्यातूनच १९९९ साली सुमारे सत्तर गावांच्या प्रतिनिधींची अरवरी संसद उभी राहिली. उसासारख्या पाणीखाऊ पिकांना तिने मनाई केली. तिला कायद्याचा आधार नाही. तिचा अधिकार नैतिकच आहे.

हे यश निर्विवाद आहे. परंतु समाजवाद्यांना येथेच थांबता येणार नाही. जोहडात मुरलेले पाणी प्रथम विहिरीत चढते आणि मगच नदीत पाझरते. म्हणजे विहिरीवर पंप चालविणारा प्रत्येक जमीनमालक नदीच उपसत असतो. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याने भूजलाचा हक्क जमिनीच्या मालकीशी जखडून ठेवला आहे. मग ज्याला जमीन नाही, त्याने बांधावर माती वाहिली तरी त्याच्या वाट्याला काय येणार? श्रम सर्वांचे आणि लाभ सातबाऱ्याप्रमाणे, ही सहकाराची व्याख्या नव्हे.

याचे उत्तर महाराष्ट्राने पूर्वीच दिले आहे. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, तर कुटुंबातील माणसांवर ठरला: दरमाणशी अर्धा एकर भिजेल इतका, कुटुंबास अधिकाधिक अडीच एकरांपुरता. भूमिहीनांनाही हक्क मिळाला आणि उसाला बंदी झाली.

ओढ्यानाल्यांच्या पुनरुज्जीवनाची कामे आज गावोगाव चालली आहेत. कार्यकर्त्यांनी त्यांत अवश्य उतरावे. मात्र पहिली कुदळ मारण्यापूर्वीच ग्रामसभेत पाण्याच्या वाटपाचा ठराव करून घ्यावा. पाणी आल्यानंतर वाटपाची चर्चा काढली, तर ज्याच्याकडे पंप आहे त्याचेच म्हणणे खरे ठरते.