पिशवीला गुन्हेगार ठरवणारे तुम्ही कोण?

बेळगावातल्या अनगोळच्या गल्लीत डोहाळजेवण असले, की मूल नसलेल्या सुनेला ओटी भरायला पुढे येऊ देत नाहीत. हीच सून पुढे दागिने मोडून टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराला जाते. भ्रूण दोन-तीनदा सोडूनही गर्भ राहिला नाही, की तिला तिथेही तेच ऐकावे लागते: पिशवी धरत नाही, अस्तर साथ देत नाही. सासू बोलली तर अंधश्रद्धा आणि तपासणीच्या खोलीत कोणी बोलले तर निदान? हा भेद आम्ही मानत नाही!

बी उत्तम, जमीनच नापीक, हा पुरुषी अहंकाराचा जुना दावा आहे. शास्त्र काय सांगते? गर्भाशयाचे अस्तर पाळीच्या चक्रात मोजके दिवसच भ्रूणाला स्वीकारते, हे खरे. पण भ्रूण रुजत नाही त्याचे सर्वांत मोठे कारण बहुतेक वेळा भ्रूणातच असते. त्याच्या गुणसूत्रांत बिघाड असतो आणि स्त्रीच्या वयाबरोबर तो वाढत जातो. २०२१ साली ४,४२९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गर्भाशयात दोष नसलेल्या या स्त्रियांना गुणसूत्रे तपासून निर्दोष ठरलेली भ्रूणे एकेक करून देण्यात आली. तीन प्रयत्नांत ९५ टक्क्यांहून अधिक जणींना गर्भ राहिला. मग ऊठसूट पिशवीच्या नावाने बोटे का मोडता?

मोडतात, कारण पिशवीवर ठपका ठेवला की पुढची चाचणी विकता येते. अस्तराचा तुकडा काढून त्यातली जनुके तपासायची आणि रोपणाची ‘अचूक वेळ’ सांगायची, ही महागडी चाचणी स्पेनमधून जगभर गेली. २०२२ साली अमेरिकेत ७६७ स्त्रियांवर तिची कसोटी झाली. चाचणीने सांगितलेल्या वेळी रोपण केलेल्या गटात ५८.५ टक्के जणींना बाळ झाले, नेहमीच्या वेळेच्या गटात ६१.९ टक्के. फायदा शून्य! अस्तराला ओरखडे काढण्याचा उपायही तसाच. २०१९ साली १,३६४ स्त्रियांचे निष्कर्ष आले: ओरखडा काढा वा काढू नका, दोन्हीकडे बाळ झालेल्या २६.१ टक्केच.

आणि हे सारे सोसायचे कोणी? प्रोजेस्टेरॉनच्या तेलकट इंजेक्शनांनी कंबरेखाली गाठी येतात. रात्री गरम पाण्याने त्या शेकायच्या, सकाळी उठून पोळ्या लाटायच्या आणि दोन आठवड्यांनी रक्ताच्या चाचणीचा आकडा ऐकायला एकटीने बसायचे. नवरा उद्यमबागच्या कारखान्यात पाळीवर असतो. त्याची शुक्रजंतूंची तपासणी मात्र ‘नंतर बघू’ म्हणून राहिलेली असते. वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण असते. अनगोळच्या पुरुषांनो, आधी तुम्ही तपासून घ्या!

पिशवीत दोष कधीच नसतो, असे आमचे म्हणणे नाही. अस्तरातला मस्सा, आत वाढलेली गाठ, जुनी सूज आणि आपल्या देशात मुद्दाम शोधावा असा गर्भाशयाचा क्षयरोग, ही खरी कारणे आहेत. क्षयाचे औषध तर सरकार फुकट देते. हे आधी शोधा, पुराव्याने सांगा, मग अस्तराला बोल लावा.

पुरावा म्हणजे काय, हे बेळगावला कोणी शिकवायला नको. याच जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत १,६२० बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉल गोळीची कसोटी झाली. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. २००६ साली ‘लॅन्सेट’ने ते छापले आणि जगाने आपल्या जिल्ह्याचे ऐकले. अशा जिल्ह्यात बाईच्या शरीरावर बिनपुराव्याचे उपाय विकले जावेत, याची आम्हाला चीड येते.

कायदा नाही म्हणावे तर तोही आहे. २०२१ चा सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्या केंद्रात यशाची शक्यता किती, फायदे-तोटे काय, खर्च किती, हे जोडप्याला आधी सांगणे बंधनकारक आहे. तक्रार कक्षही हवा. पण इंग्रजी कागदावर बोट ठेवून ‘इथे सही करा’ म्हटले, की मराठी बाई सही करते. याला संमती म्हणायचे? संमतीपत्र मराठीत द्या, कन्नडमध्ये द्या, आणि वयोगटानुसार जिवंत बाळांचे आकडे भिंतीवर लावा. नुसता ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह’ आला म्हणजे बाळ नव्हे.

र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा समाजाने त्यांना वाळीत टाकल्यासारखे वागवले. मूल नको म्हणण्याचा हक्क त्यांनी मागितला होता. मूल हवे म्हणणाऱ्या गरीब बाईचा हक्क आज कोण मागणार? आयुष्मान भारत योजनेत टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार बसत नाही, बहुतेक विमा कंपन्या तो वगळतात. चोर्ला घाट उतरून गोव्यात जा: बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून हा उपचार मोफत सुरू आहे. गोव्यासारख्या छोट्या राज्याला जमते, ते कर्नाटकाला का जमू नये?

बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरते, तेव्हा सीमाप्रश्नावरून बाके वाजतात. या भागातल्या प्रत्येक आमदाराने, तो मराठी असो वा कन्नड, तिथे उभे राहून आरोग्यमंत्र्यांना विचारावे: बेळगावच्या बिम्स रुग्णालयात गरीब जोडप्यांना हा उपचार मोफत कधी मिळणार, आणि खासगी केंद्रांचे आकडे कोण तपासते? तारीख घेतल्याशिवाय खाली बसू नका.