भरतकामाला डिंक नको

पावसाळ्यात कर्जत, खालापूरच्या भिंती ओल धरतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. भिंतीवरच्या तसबिरींचं काय झालं, हे मात्र गणपतीच्या साफसफाईत कळतं. आजीने भरलेल्या मोरावर तांबूस ठिपके पडलेले असतात आणि रेशमाचे धागे काचेला चिकटलेले असतात. बोल पावसाला लावला जातो. खरी चूक फ्रेम करण्याच्या पद्धतीत असते.

रूढ पद्धत झटपट आहे. हार्डबोर्डला डिंक फासायचा, कापड त्यावर चिकटवायचं आणि वर काच दाबून बसवायची. लाकडाच्या लगद्यापासून बनलेल्या बोर्डातून काळानुसार आम्ल सुटतं आणि कापड पिवळं पडतं. डिंक कडक होतो, त्याचे डाग वर उमटतात. काचेच्या आत दमट हवा कोंडली की बुरशीला आयतं घर मिळतं. कापडावरच्या वारली चित्राचेही हाल होतात. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग काचेला लागून सुटतो.

योग्य रीत अवघड नाही, तिला वेळ लागतो इतकंच. भरलेलं कापड जाड टॉवेलवर पालथं घालून इस्त्री करायची, म्हणजे टाके चपटे होत नाहीत. मग ते आम्लरहित पुठ्ठ्यावर ताणायचं, कडा मागे दुमडायच्या आणि मागच्या बाजूने उभा-आडवा दोरा ओवून घट्ट करायचा. पुढेमागे काम सोडवायचं झालं, तर दोरा कापला की कापड जसंच्या तसं हाती येतं. काच कापडाला टेकू नये म्हणून मध्ये माउंट (कडेने जाड पुठ्ठ्याची पट्टी) हवा. चौकटीमागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावले की भिंतीची ओल लांब राहते.

घाटापलीकडे मळवलीत १८९९ मध्ये राजा रविवर्मांचा छापखाना आला. त्यांच्या छापील देवदेवतांना घरोघरी जरी, टिकल्या लावून नटवलं गेलं, काचेत जपलं गेलं. तशा तसबिरी आज संग्राहक शोधत फिरतात. आजच्या बायकांचं काम तेवढ्याच निगुतीने जपायला हवं.

आयटीआयमध्ये भरतकाम शिकवलं जातं. तिथेच फ्रेमिंगही शिकवावं. बचत गटांना त्यातून नवं काम मिळेल. तोवर दुकानात काम टाकतानाच ग्राहकाने बजावावं: डिंक नको, दोऱ्याने ताणा, काच टेकवू नका. चार पैसे जास्त पडले तरी द्यावेत.