औंढ्याचा फिरता रंगमंच

या वीकेंडला एक पुस्तक संपवलं. लिसा मँचेव्ह यांचं 'आईज लाइक स्टार्स', 2009 सालचं. कल्पना भन्नाट आहे. एक थिएटर आहे आणि त्यात आजवर लिहिल्या गेलेल्या सगळ्या नाटकांची पात्रं राहतात. म्हणजे नट नव्हे, खरीखुरी पात्रं. एका जादूच्या ग्रंथाने ती तिथे बांधली गेली आहेत. त्यांच्यात वाढलेली 17 वर्षांची बर्टी ही मात्र कुठल्याच नाटकातली नाही. तिच्या उचापतींना कंटाळून थिएटरवाले तिला सांगतात, बाई, तू आता निघ. राहायचं असेल तर तुझा काय उपयोग ते दाखव. मग ती पोरगी 'हॅम्लेट' चक्क प्राचीन इजिप्तमध्ये नेऊन बसवायला घेते!

याच जातीचं अजून एक पुस्तक म्हणजे सुझन कूपर यांचं 'किंग ऑफ शॅडोज' (1999). वडील गेल्याचं दुःख मनात दाबून ठेवलेला एक अमेरिकन पोरगा नाटकासाठी लंडनला जातो, आजारी पडतो आणि जागा होतो तो थेट 1599 मध्ये. तिथे तो खुद्द शेक्सपिअरसोबत रंगमंचावर उभा राहतो.

दोन्ही पुस्तकांत जादू आहे, पडदे आहेत, भुताटकी आहे. पण खरा प्रश्न एकच आहे: या खेळात माझी जागा कुठे? पंधरा-सतराव्या वर्षी प्रत्येकाला छळणारा प्रश्न. नाटक त्यासाठी एकदम फिट बसतं, कारण तिथे जागा अक्षरशः वाटल्या जातात. कोणी प्रकाशात, कोणी विंगेत, कोणी तिकीट काढून खुर्चीत.

आता मुद्द्यावर येतो. असली कादंबरी मराठीत लिहायची तर ती कुठे घडावी? पुण्या-मुंबईचं नाव घेऊ नका. माझं मत हिंगोली जिल्ह्याला.

हसू नका, ऐका. हिंगोलीजवळ कयाधू नदीच्या काठी नर्सी आहे, संत नामदेवांचं गाव. जन्म 1270 चा मानतात. आणि त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ, ज्योतिर्लिंगाचं देऊळ. तिथली कथा मराठवाड्यातल्या कुठल्याही आजीला विचारा. नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते. लोकांनी त्यांना हटवलं, म्हणाले, मागे जाऊन काय गायचं ते गा. ते मागे गेले आणि गायला लागले. आणि देऊळच फिरलं, तोंड नामदेवांकडे करून. नंदी मागे राहिला तो त्यामुळेच, असं आजही तिथे दाखवतात. ही आठवण महाराष्ट्रापुरती नाही. गुरु ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची 61 पदं आहेत आणि त्यातल्या एका पदात हलक्या जातीचा म्हणून देवळातून उठवल्याचं आणि देऊळ फिरल्याचं येतं.

जरा नाटकवाल्याच्या डोळ्यांनी बघा. कीर्तन म्हणजे प्रयोगच की. उभा राहून गाणारा एक माणूस, मागे टाळकरी, समोर प्रेक्षक. त्या कलाकाराला सांगितलं गेलं की तू बॅकस्टेजला जा. तो गेला, आणि रंगमंचच त्याच्याकडे वळला! मराठी रंगभूमीवर फिरत्या रंगमंचासाठी आपण 1962 च्या 'तो मी नव्हेच'ची आठवण काढतो. औंढ्याच्या लोकांच्या कल्पनेत तो कित्येक शतकं आधीच फिरून बसलाय :)

आणि देवळाचा सेटही तयार आहे. गाभारा खाली, जमिनीच्या पोटात. अरुंद पायऱ्यांनी जवळजवळ वाकून उतरायचं. फँटसीवाल्याला अजून काय पाहिजे?

हे मला इतकं का लागतं ते सांगतो. हॉस्टेलवर माझा रूममेट वसमतचा होता. आवाज असा की कॉरिडॉरच्या टोकाला कुजबुजला तरी ऐकू यावं. आमच्या कॉलेजच्या एकांकिकेच्या ग्रुपमध्ये तो ऑडिशनला गेला, "काय करायलास?" असं सहज बोलून गेला, आणि हशा पिकला. चार वर्षं त्याने सेट उचलले. प्रकाशातला एक मिनिट त्याला मिळाला नाही. तुमच्याही ग्रुपमध्ये असा एक जण असणार, आठवून बघा. त्या मुलासाठी सतराव्या वर्षी हातात पडावी अशी गोष्ट औंढ्यात पडून आहे, आणि आपण ती फक्त देवदर्शनाच्या माहितीपत्रकात छापतो.

पुस्तकांच्या दुकानात जा. एका बाजूला लहान मुलांची रंगीत पुस्तकं, थोडं पुढे फास्टर फेणे, आणि मग एकदम 'मृत्युंजय'. मधल्या वयाने काय करायचं? इंग्रजी वाचायचं. माझे भाचे-पुतणे तेच करतात. आपल्याकडे रत्नाकर मतकरींनी 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण मुलांसमोर नाचवली, आणि त्यांनीच मोठ्यांसाठी अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा लिहिल्या. नारायण धारपांनी भयकथेचा मोठा वाचक तयार केला. दोन्ही टोकं भक्कम आहेत. पूल तेवढा बांधायचा राहिलाय.

यावर दोन आक्षेप येणार, माहितीय. पहिला: हा श्रद्धेचा विषय आहे, त्याच्याशी खेळू नका. अहो, पण आपली परंपराच खेळण्याची आहे. नाथांच्या भारुडात भूत येतं, जोगवा येतो, विंचू चावतो. सोंग काढून, लोकांना हसवून नाथ वेदान्त सांगून जातात. देवाला रंगमंचाचं वावडं असतं तर भारूड टिकलंच नसतं.

दुसरा आक्षेप माझ्यासारख्या कंप्युटरवाल्यांचा: 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि तुम्ही पोरांना पुन्हा चमत्कार वाचायला देताय? इथे मला नाटकाचा फार मोठा आधार वाटतो. ज्या पोराने स्वतः विंगेत उभं राहून धुराचं मशीन चालवलंय, दोरी ओढून "देव" प्रकट केलाय, त्याला कुठलाही बाबा सहज गंडवू शकणार नाही. दोरी कुठे असते हे त्याला ठाऊक असतं. शिवाय तिकीट काढून, तिसऱ्या घंटेनंतर, दोन तासांपुरता मान्य केलेला चमत्कार आणि रात्री घरी येऊन पैसे मागणारा चमत्कार, यातला फरक चौदाव्या वर्षी नक्की कळतो.

माझी अट एकच. जादू कोणाच्या बाजूने उभी राहते ते बघा. भीती घालून गप्प बसवणारी असेल तर ती नकोच. औंढ्याची जादू हाकललेल्या माणसाकडे तोंड करून उभी आहे. जिथे ढकललं गेलं तिथे तो गात राहिला, आणि मग देवळाला वळावं लागलं. यात उपदेश नाही, रडगाणं नाही. अडल्ट नाही आणि बालिशही नाही.

म्हणून कोणीतरी लिहा. हिंगोलीतलं एखादं कॉलेज, एकांकिकेची तालीम, दिवे गेलेला हॉल, एक मुलगी जिला प्रॉम्प्टिंगशिवाय काही दिलेलं नाही, आणि तालमीगणिक थोडं थोडं वळणारं स्टेज. पहिल्यांदा कोणाच्या लक्षातही येत नाही. भाषा तिथलीच ठेवा, "करायलो", "जायलो" सकट. खाली कंसात अर्थ देऊ नका. छापून आलं की मी दोन प्रती घेईन. एक मला, एक वसमतला पाठवायला.