जोखीम कोणाची, निर्णय कोणाचा?

नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा १९७९ च्या डिसेंबरात राजपत्रात प्रसिद्ध झाला. त्यातील पुनर्वसनाची कलमे आजही मुद्दाम वाचावीत अशी आहेत. ज्या कुटुंबाची पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन संपादित होईल त्यास किमान दोन हेक्टर ओलिताची जमीन द्यावी, सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब मानावे, आणि भरपाई व पुनर्वसनाची व्यवस्था होऊन ती विस्थापितांना कळविल्याखेरीज मध्य प्रदेश व महाराष्ट्रातील कोणतेही क्षेत्र सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाऊ देऊ नये, असे त्यात निःसंदिग्धपणे सांगितले होते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या छायेत वाढलेल्या प्रशासनाला ही भाषा नवी होती. विस्थापिताला केवळ रोख रकमेवर बोळवण करण्याऐवजी जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याचे तत्त्व तिने मान्य केले होते. नियम चांगला होता याविषयी फारसे दुमत नाही.

या नियमाची पहिली कसोटी महाराष्ट्रात मणिबेली येथे लागली. धरणाच्या भिंतीपासून काही किलोमीटर वरच्या अंगाला, अक्कलकुवा तालुक्यात वसलेले हे आदिवासींचे गाव तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. १९९८ साली नंदुरबार जिल्हा झाल्यावर ते त्यात गेले. महाराष्ट्रातील ज्या तेहतीस गावांना सरोवराची झळ पोचायची होती, त्यांत मणिबेलीचा क्रमांक पहिला. १९९३ च्या पावसाळ्यात पाणी गावातील घरांत आणि शेतांत शिरले तेव्हा अनेक कुटुंबे अजून तेथेच होती. सातपुड्यातील कित्येक गावांची महसुली मोजणीच झालेली नव्हती. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कागदोपत्री वनखात्याची आणि ती कसणारा अतिक्रमक, असा विचित्र हिशेब मांडला जात होता. ज्याची जमीन कागदावर नाही त्याला बदल्यात जमीन कोणती द्यायची, हा प्रश्न सुटण्यापूर्वीच पाणी आले.

आधी पुनर्वसन, मग बुडीत, हा क्रम उलटा झाला. तो उलटा करणारा कोण, हा प्रश्न मात्र कोणत्याही कागदावर उमटला नाही. अभियंत्याने ठरल्याप्रमाणे भिंत उंचावली, महसूल खात्याने नोटिसा दिल्या, पोलिसांनी बंदोबस्त ठेवला, मंत्र्यांनी आश्वासने दिली. प्रत्येकाने आपापले काम केले आणि नियम तेवढा मोडला गेला. नियमभंग झाला, पण नियमभंग करणारा नाही, अशी ही स्थिती होती. आपल्या सार्वजनिक जीवनातील ती अपवादात्मक घटना नव्हे, तर नित्याची रीत आहे. म्हणूनच मणिबेलीचा विचार केवळ धरणाच्या बाजूने वा विरोधात करून भागणार नाही.

येथे धाडसी खेळांकडे पाहणे उद्‌बोधक ठरेल. गिर्यारोहणात तुकडीचा नायक आपल्या सहकाऱ्यांबरोबर एकाच दोराला बांधलेला असतो. वाट चुकीची निवडली तर तिचा परिणाम त्यालाही भोगावा लागतो. दोर तपासणे, हवामान पाहून माघार घेणे, अननुभवी सदस्याला मधल्या जागी ठेवणे हे नियम त्याला कोणी शिक्षेच्या धाकाने पाळायला लावीत नाही. निर्णय घेणारा आणि जोखीम पत्करणारा एकच असला की नियम आपोआप जिवंत राहतो. दोघे वेगळे झाले की तोच नियम औपचारिक होतो. अर्थशास्त्राचा हा साधा सिद्धांत आहे. दुसऱ्याच्या पैशाने खेळणारा जुगारी मोठे डाव लावतो. दुसऱ्याच्या जिवावर निर्णय घेणारा तर त्याहून मोठे लावतो.

राजकारण आणि धाडसी खेळ एकत्र आले म्हणजे काय होते याचे उदाहरण महाराष्ट्राला दूर शोधावे लागत नाही. दहीहंडी हा गल्लीतला सण. त्याला राजकीय पुढाऱ्यांच्या लाखोंच्या बक्षिसांनी स्पर्धेचे रूप आले आणि थरांची संख्या वाढत गेली. २०१२ मध्ये ठाण्यात नऊ थरांचा, ४३ फुटांहून उंच मनोरा रचला गेला आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. कौतुकाबरोबर अपघातही आले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये उंचीला वीस फुटांची आणि वयाला अठरा वर्षांची मर्यादा घातली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती लागू ठेवली. पुढच्याच वर्षी उंचीचा निर्णय विधिमंडळाच्या कक्षेतला ठरून ती मर्यादा गेली आणि वयाची अट चौदा वर्षांवर आली. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, मृत गोविंदाच्या वारसांना दहा लाख रुपयांच्या साहाय्याची घोषणा केली आणि शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणात गोविंदांना समाविष्ट करण्याचे आश्वासन दिले.

जखमी गोविंदाच्या घरी चार पैसे पोचावेत याला कोणाचाच विरोध असू नये. परंतु या व्यवस्थेतील हिशेब नीट पाहिला पाहिजे. थर चढणारा मुलगा कामगार वस्तीतला असतो, फलकावरचे छायाचित्र आयोजकाचे असते, आणि अपघाताचा खर्च सरकारी तिजोरीतून व्हायचा असतो. उंचीमुळे मिळणारी प्रसिद्धी आयोजकाची आणि उंचीमुळे येणारे नुकसान इतरांचे, अशी वाटणी झाल्यावर आयोजकाने उंची कमी का करावी? स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतातही माणसांचे मनोरे रचण्याची जुनी परंपरा आहे. तेथे २००६ मध्ये एका बालिकेचा मृत्यू झाल्यानंतर वरच्या थरांवरील मुलांना शिरस्त्राण घालण्याची पद्धत रूढ झाली. परंपरेचा अभिमान आणि मुलांच्या सुरक्षिततेची काळजी एकत्र नांदू शकतात, हे त्यावरून दिसते.

दहीहंडीतील गोविंदा निदान स्वखुशीने चढतो. मणिबेलीच्या माणसाला ती निवडही नव्हती. धरणांचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या जागतिक आयोगाने नोव्हेंबर २००० मध्ये आपला अहवाल दिला, तेव्हा नेमका हाच भेद मांडला. स्वेच्छेने जोखीम घेणारे निराळे आणि इतरांच्या निर्णयामुळे जोखीम ज्यांच्यावर लादली जाते ते निराळे. भांडवल गुंतवणारा, कर्ज देणारा, योजना आखणारा हे पहिल्या वर्गातले. नदीकाठचा शेतकरी दुसऱ्या वर्गातला. पहिल्यांच्या हिताचे रक्षण करार करतात. दुसऱ्यांच्या हिताचे रक्षण करायला हक्कांखेरीज काहीच नसते, आणि तो हक्क बजावण्याचे ठिकाण नसेल तर हक्कही शब्दच उरतो.

असे एक ठिकाण निर्माण होण्यास नर्मदेच्या खोऱ्याचाच हातभार लागला, हे आज अनेकांच्या विस्मरणात गेले आहे. १९८५ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पासाठी पंचेचाळीस कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. पुनर्वसनाविषयी बँकेचे स्वतःचे नियम होते आणि तेही चांगले होते. खोऱ्यातून आलेल्या तक्रारींच्या रेट्यामुळे बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समीक्षा करविली. जून १९९२ च्या त्या अहवालाने बँकेला तिच्याच नियमांचे उल्लंघन दाखवून दिले आणि प्रकल्पातून मागे सरण्याचा सल्ला दिला. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज घेणार नसल्याचे कळविले. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात बँकेने तपासणी मंडळ स्थापन केले. बँकेच्या प्रकल्पामुळे बाधित होणारा कोणत्याही देशातील सामान्य माणूस त्या मंडळापुढे थेट गाऱ्हाणे मांडू शकतो. १९९४ मध्ये जगभरातील संघटनांनी मोठ्या धरणांच्या अर्थसाहाय्याविषयी बँकेला जे जाहीर आवाहन केले त्याला मणिबेलीचेच नाव दिले गेले. सातपुड्यातील एका खेड्याने वॉशिंग्टनमधील एका बलाढ्य संस्थेला जबाबदेहीचा धडा शिकविला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मात्र परक्या सावकाराने जे मान्य केले ते आपल्या राज्यकर्त्यांच्या अंगी अद्याप मुरलेले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी बहुमताने धरणाचे काम पुढे नेण्यास अनुमती दिली, तीही पुनर्वसन बुडिताच्या बरोबरीने चालावे या अटीवर. तक्रार निवारण प्राधिकरणांकडे बाधितांना दाद मागता येईल, अशी व्यवस्था त्यात मानली होती. तरीही निवाडा अमलात येऊन अडतीस वर्षे उलटल्यावर, २०१७ साली, मध्य प्रदेशातील शेकडो कुटुंबांना भरपाई द्यावी असा आदेश याच न्यायालयाला द्यावा लागला. २०१९ च्या सप्टेंबरात सरोवर १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत प्रथमच भरले.

या धरणाने लाभ दिलेच नाहीत असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. सौराष्ट्र आणि कच्छच्या तहानलेल्या भागांत नर्मदेचे पाणी पोचले आहे, आणि निर्माण होणाऱ्या विजेत सत्तावीस टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. परंतु हा लाभ जितका मोठा, तितकी ज्यांच्या त्यागावर तो उभा राहिला त्यांची भरपाई सोपी असावयास हवी होती. पैशांची टंचाई ही सबब मोठ्या लाभाच्या दाव्याशी जुळत नाही. टंचाई होती ती उत्तर देणाऱ्या माणसाची.

आजची नर्मदाही हेच सांगते. धरणाच्या खालच्या अंगाला, केवडियाच्या परिसरात, पर्यटकांसाठी २०१९ पासून राफ्टिंगचा साहसी खेळ सुरू झाला. या खेळात अंगात जीवरक्षक जाकीट, डोक्यावर शिरस्त्राण आणि होडीत प्रशिक्षित मार्गदर्शक असावा लागतो; ते योग्यच आहे. त्याच वर्षी १५ जानेवारीला, मकरसंक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यातील भूषा येथे सरोवरात माणसांनी भरलेली बोट उलटली आणि काही जण बुडून मरण पावले. सरोवराने पायवाटा गिळल्यानंतर या काठच्या अनेक पाड्यांना बाजार, दवाखाना आणि नातलग गाठायला बोटीचाच आधार उरला आहे. एकाच नदीवर हौसेने धोका पत्करणाऱ्याला कवच आहे आणि गरजेपोटी पत्करणाऱ्याला मात्र दैवाचा भरवसा. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमाने १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली आहे. यंत्रचलित बोटींची नोंदणी, तपासणी आणि जीवरक्षक साधने यांविषयी तरतुदींची उणीव नाही. उणीव आहे ती भूषाच्या काठावर बोट सुटण्यापूर्वी माणसे मोजणाऱ्याची, आणि न मोजल्यास ज्याला जाब विचारता येईल अशा अधिकाऱ्याची.

आपल्याकडे उत्तरदायित्व मुळीच नाही असेही नाही. ते खालच्या पायऱ्यांवर भरपूर आहे. शाळेच्या सहलीच्या हिशेबात शंभर रुपये जुळले नाहीत तर शिक्षकाकडून लेखी खुलासा घेतला जातो. कारकुनाच्या सेवापुस्तिकेतील एक चुकीची नोंद त्याचे निवृत्तिवेतन वर्षभर अडवू शकते. निर्णय जितका मोठा आणि त्याने बाधित होणारी माणसे जितकी अधिक, तितकी खुलाशाची अपेक्षा कमी होत जाते. १९५६ साली अरियलूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला, त्याचे स्मरण आजही आदराने केले जाते. परंतु राजीनामा ही उत्तरदायित्वाची सुरुवात असू शकते, शेवट नव्हे. मंत्री गेला तरी चौकशी कोठपर्यंत आली, दोष कोणाच्या सहीने घडला आणि नियमात काय बदलले, हे प्रश्न उरतातच.

उपाय अवघड नाहीत. पहिला, प्रत्येक नियमाबरोबर त्याच्या पालनाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचे पद आणि भंगाचा परिणाम लिहिला जावा. दुसरा, गाव बुडण्यापूर्वी पुनर्वसन पूर्ण झाल्याचा दाखला ग्रामसभेपुढे मोठ्याने वाचला जावा, तो खोटा ठरल्यास सही करणाऱ्यावर वैयक्तिक कारवाई व्हावी, आणि त्याची तपासणी ज्या खात्याने तो दिला त्याच्याकडे नसावी. तिसरा, दहीहंडीसारख्या उत्सवात विम्याचा हप्ता बक्षिसाची रक्कम जाहीर करणाऱ्याने भरावा, आणि बक्षीस जितके मोठे तितका हप्ता चढा असावा. मग उंचीचा विचार तो स्वतःच अधिक काळजीने करील. चौथा, सरोवरातील प्रवासी बोटीला पर्यटकांच्या बोटीइतकेच नियम लागू व्हावेत आणि जाकिटांचा खर्च धरणाच्या लाभातून व्हावा.

या सर्वांमागील तत्त्व एकच आहे. निर्णयाची सही आणि निर्णयाची जोखीम एकमेकांपासून दूर जाऊ देता कामा नयेत. मंत्र्याने गावाबरोबर बुडावे असे कोणी म्हणत नाही. गाव बुडताना त्याची सही मात्र पाण्यावर दिसत राहिली पाहिजे. गिर्यारोहक दोराला एका टोकाशी स्वतःला बांधतो म्हणून दुसऱ्या टोकाच्या माणसाचा जीव वाचतो. मणिबेलीच्या वाट्याला दोराचे एकच टोक आले होते. दुसरे टोक कोणाच्या कमरेला होते, हा प्रश्न तीन दशकांनंतरही विचारण्याजोगा आहे, आणि पुढचा प्रकल्प आखताना तो पहिल्याच पानावर लिहिला गेला पाहिजे.