ठसा कोणाच्या घरात?

'छापाचे' म्हटले की आपण नाक मुरडतो. हाताने घडवलेले ते अस्सल आणि छापाने काढलेले ते हलके, ही आपली जुनी समजूत. मला ती अर्धीच खरी वाटते.

घरातलेच दागिने पाहा. पुतळीहारातली एकेक पुतळी म्हणजे सोन्याच्या पातळ चकतीवरचा छापच. कोल्हापुरी साजातली मासा, कासव ही पाने पातळ पत्र्यातून ठशावर उठवतात आणि मागच्या पोकळीत लाख भरतात. थोड्या सोन्यात भरीव दागिना होतो, तो ठशामुळेच. शिवराईदेखील ठशावर घाव घालूनच पाडलेली. घाव हाताचा, म्हणून एका नाण्यावर अक्षर पूर्ण तर दुसऱ्यावर ते काठाबाहेर गेलेले!

मुख्य म्हणजे ठसा स्वतः हातानेच घडतो. पोलादात आकृती उलटी आणि खोलगट कोरायची. उजवे तिथे डावे, उंच तिथे खोल. मग पत्रा तापवून मऊ करायचा आणि ठोकून त्या खोलीत बसवायचा. घाव खाऊन तो कडक होतो. पुन्हा तापवला नाही तर चिरतो. कुठे थांबायचे, हे यंत्र सांगत नाही. ते कारागिराचा हातच जाणतो.

१९३० च्या दशकात अमेरिकेतल्या डग्लस विमान कारखान्यात हेन्री गेरिन यांनी ठशाच्या वरच्या अर्ध्या भागाऐवजी रबराची जाड गादी वापरली. दाबाखाली रबर पत्र्याला ठशाच्या कानाकोपऱ्यात ढकलते. पुढे दागिने घडवणाऱ्यांनी हीच युक्ती छोट्या हायड्रॉलिक जॅकवर आणली. जाड पाटीत पानाचा आकार कापला, वर पत्रा आणि रबर ठेवून दाब दिला, की पत्रा त्या भोकातून पुरीसारखा फुगतो. त्याला मोठा कारखाना लागत नाही.

हे सारे मला बोदलकसाच्या संदर्भात सुचते. तिरोडा तालुक्यातला हा तलाव, भोवती जंगल, जवळच २०१३ साली जाहीर झालेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. पाहुणे येतात, पण परत नेतात काय? कुठल्याही पर्यटनस्थळी मिळतात त्याच किल्ल्यांच्या साखळ्या. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ पर्यंत ज्या भंडाऱ्याचा भाग होता, तो मात्र पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. स्टील आले आणि पितळेवरचा हातोडा मंदावला. राज्यात सारस उरला आहे तो मुख्यतः गोंदियाच्या धानशेतीत. सारसाची मान, धानाची लोंबी, तलावाची पाळ हे पितळी पत्र्यावर का उठू नये?

कोणी म्हणेल, एका ठशातून हजार सारखे नग निघतील, मग कला कुठे राहिली? छाप ही सुरुवात आहे, शेवट नव्हे. त्याच सारसाच्या पिसांवर कोणी बारीक रेघा काढील, कोणी पाय वाकवील, कोणी काठ कातरील. एकाच साच्यातल्या करंज्यांनासुद्धा प्रत्येक घरची चव वेगळी असते!

खरा धोका निराळा आहे. ठसा ज्याच्या घरात, भाव त्याच्या हातात. ठसा व्यापाऱ्याकडे गेला, की कारागीर फक्त दाब देणारा मजूर उरतो. म्हणून जिल्हा उद्योग केंद्राने आणि आयटीआयने नुसता प्रेस चालवायला न शिकवता ठसा कोरायलाही शिकवावे आणि तो ठसा कारागिरांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचा राहावा. नाहीतर सारस आपला, आणि त्याचा छाप मात्र परक्या गावाचा, अशी पाळी येईल.